घरगुती बारबेल स्क्वॉट

घरगुती बारबेल स्क्वॉट म्हणजे दोन्ही टोकांना वजनाच्या प्लेट अडकवलेला लोखंडी दांडा (बारबेल) खांद्यांवर पेलून घरच्या घरी काढलेल्या बैठका. मांड्या, नितंब व पाठ यांचे बळ वाढवणारा हा वजनी व्यायामातील एक मूलभूत प्रकार आहे. व्यायामशाळेत हा व्यायाम करताना मागे साथीदार उभा असतो किंवा दांडा झेलणारी चौकट उपलब्ध असते. घरी एकट्याने करताना यांपैकी काहीही आपोआप मिळत नाही. दांडा खांद्यांवर असताना उठता आले नाही, तर तो कोठे ठेवायचा याची सोय पहिल्या बैठकीपूर्वीच करून ठेवणे, हे एकट्याने सराव करणाऱ्याच्या सुरक्षिततेचे मुख्य सूत्र मानले जाते.

नाव व स्वरूप

मराठीत 'बैठक' या शब्दाने बिनवजनी व्यायामाचा बोध होतो. वजनासह काढलेल्या बैठकीसाठी 'स्क्वॉट' हा इंग्रजी शब्दच रूढ झाला आहे. व्यायामशाळांच्या बोलीत बारबेलला 'रॉड' म्हणतात. दांडा कोठे टेकवला आहे यावरून या व्यायामाचे दोन मुख्य प्रकार होतात. मानेच्या मणक्यांखाली, पाठीच्या वरच्या स्नायूंवर दांडा ठेवल्यास तो बॅक स्क्वॉट आणि गळ्यासमोर, खांद्यांच्या पुढच्या भागावर ठेवल्यास तो फ्रंट स्क्वॉट होय.

स्पर्धात्मक पॉवरलिफ्टिंगमध्ये स्क्वॉट, बेंच प्रेस व डेडलिफ्ट अशा तीन उचली असतात. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९७२ साली झाली. त्याच्या नियमांनुसार खाली बसल्यावर नितंबाच्या सांध्याजवळील मांडीचा पृष्ठभाग गुडघ्याच्या वरच्या टोकापेक्षा खाली जावा लागतो. घरी व्यायाम करणाऱ्यावर हे बंधन नसते. पाठीचा बाक न बिघडता जितके खाली जाता येईल तितकी खोली त्याला पुरेशी असते.

पार्श्वभूमी

जोर, बैठका, मुद्गल, करेला, मल्लखांब व कुस्ती हा महाराष्ट्रातील तालमींचा पारंपरिक व्यायामक्रम होय. बैठका शेकड्यांनी काढल्या जात. मध्ये भोक असलेले दगडी कडे, म्हणजे नाल, गळ्यात घालून बैठका काढण्याची रीतही होती. अंगावर वजन घेऊन बसण्याची कल्पना त्यामुळे या मातीला परकी नाही. मात्र तालमीतील व्यायाम क्वचितच एकट्याने होई. वस्तादाची नजर, बरोबरीचे पहिलवान आणि पायाखालची मऊ लाल माती यांचा तो सामुदायिक व्यवहार होता. या परंपरेची विस्तृत नोंद दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी बडोद्याहून दहा खंडांत संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'त आढळते. त्याचा पहिला खंड १९३६ साली निघाला.

पाश्चात्त्य देशांत जड बारबेल स्क्वॉटच्या प्रसाराशी हेन्री स्टाइनबोर्न या जर्मन मल्लाचे नाव जोडले जाते. १९२० च्या दशकात तो अमेरिकेत गेला, त्या काळी दांडा ठेवण्याच्या चौकटी प्रचलित नव्हत्या. तो दांडा एका टोकावर उभा करी, त्याखाली वाकून तो पाठीवर कलता करून घेई आणि बैठका झाल्यावर त्याच रीतीने खाली उतरवी. ही पद्धत असाधारण कौशल्याची होती. सामान्य माणसाने तिचे अनुकरण करणे धोक्याचे आहे. पुढे दांडा झेलणारी चौकट रूढ झाली आणि त्यानंतरच एकट्याने जड स्क्वॉट करणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब हे याच जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात आहे. मारुतीची उपासना व शरीरबळ यांची त्यांनी घातलेली सांगड महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. जालना शहरात राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आहे. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत धावणे व गोळाफेक यांचा समावेश असतो आणि दोन्हींना पायांचे बळ लागते. भरतीची तयारी करणारा तरुण शहरातील व्यायामशाळेपासून दूर राहत असेल, तर घरीच वजने जमवून सराव करणे त्याला सोयीचे वाटते.

जालना शहर बियाणे उद्योगाप्रमाणेच पोलाद उद्योगासाठीही ओळखले जाते. बांधकामाच्या सळ्या तयार करणारे कारखाने येथील औद्योगिक वसाहतीत आहेत. लोखंड आणि जोडकाम (वेल्डिंग) करणारे कारागीर सहज उपलब्ध असल्याने घरच्या चौकटी व दांडे स्थानिक पातळीवर बनवून घेता येतात. चौकटीच्या बाबतीत ही सोय उपयुक्त ठरते. दांड्याच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरू शकते.

एकट्याने करताना असणारा धोका

स्क्वॉटमध्ये अपयश बहुधा सर्वांत खालच्या अवस्थेत किंवा तेथून थोडे वर आल्यावर येते. त्या वेळी गुडघे व नितंबाचे सांधे पूर्ण दुमडलेले असतात, दोन्ही हात दांड्यात अडकलेले असतात आणि वजन मानेच्या लगत असते. धडपड करून उठण्याच्या प्रयत्नात धड पुढे झुकते. अशा वेळी दांडा मानेकडे सरकतो किंवा व्यायाम करणारा दांड्यासह पुढे कोसळतो. यामुळे मानेच्या मणक्यांना होणारी इजा ही या व्यायामातील सर्वांत गंभीर दुर्घटना होय.

साथीदार जवळ असला म्हणजे धोका संपतो असेही नाही. जुलै २०२३ मध्ये इंडोनेशियातील बाली येथे २१० किलोग्रॅमचा दांडा घेऊन स्क्वॉट करताना एका व्यायाम प्रशिक्षकाचा मृत्यू झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजस्थानातील बिकानेर येथे १७ वर्षांची एक पॉवरलिफ्टर २७० किलोग्रॅमच्या सरावात मानेवर दांडा पडून दगावली. दोन्ही वेळी जवळ मदतीला माणूस होता. स्पर्धांत स्क्वॉटच्या वेळी किमान दोन व कमाल पाच साथीदार मंचावर असावेत असा नियम आहे. खाली येणारे जड वजन एका माणसाच्या हातांनी थांबत नाही. ते योग्य उंचीवर बसवलेल्या लोखंडी आडव्या दांड्यांनी थांबते.

साधने

चौकट : एकट्याने सराव करणाऱ्यासाठी चार खांबांची चौकट (पॉवर रॅक) सर्वांत सुरक्षित मानली जाते. तिच्या पुढच्या व मागच्या खांबांतून आरपार जाणारे दोन सुरक्षा दांडे हा तिचा खरा प्राण आहे. दोनच खांबांच्या स्टँडवर पुढे आलेले सुरक्षा हात असतील, तर ते हलक्या व मध्यम वजनाला चालतात. त्यासाठी स्टँडचा पाया लांब हवा आणि तो जमिनीत बोल्टने घट्ट केलेला असावा. बादलीत सिमेंट ओतून रोवलेले दोन सुटे पाइप किंवा खिडकीचा कठडा यांच्या आधारे स्क्वॉट करू नये. अशा आधारांवर दांडा ठेवता येतो, पण पडणारा दांडा झेलता येत नाही.

स्थानिक कारागिराकडून चौकट बनवून घेताना पुढील बाबी पाहाव्यात :

• खांबांवरील छिद्रे दोन्ही बाजूंस तंतोतंत एकाच उंचीवर असावीत व त्यांतील अंतर ५ सेंटिमीटरच्या आसपास असावे.
• जोडकाम सांध्याच्या सर्व बाजूंनी असावे, केवळ ठिपक्याठिपक्यांचे नसावे.
• दांडा ठेवण्याच्या आकड्यांना पुढून ओठ असावा, म्हणजे दांडा घरंगळत नाही.
• वापरापूर्वी नेहमीच्या वजनापेक्षा जास्त वजन सुरक्षा दांड्यांवर आधी हळूच ठेवून आणि नंतर चार बोटे उंचीवरून सोडून पाहावे. पडणाऱ्या वजनाचा आघात स्थिर वजनाच्या भारापेक्षा पुष्कळ अधिक असतो.

दांडा : पुरुषांच्या ऑलिंपिक वेटलिफ्टिंगचा दांडा २० किलोग्रॅम वजनाचा, २.२ मीटर लांब व पकडीच्या जागी २८ मिलिमीटर जाडीचा असतो. महिलांचा दांडा १५ किलोग्रॅम वजनाचा, २.०१ मीटर लांब व २५ मिलिमीटर जाडीचा असतो. तीन ते पाच फुटी घरगुती दांडे अनेकदा चौकटीच्या रुंदीला पुरत नाहीत. म्हणून खरेदीपूर्वी दोन्ही मापे जुळवून पाहावीत.

बांधकामाची सळई दांडा म्हणून वापरू नये. सळईचे वजन तिच्या मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून दर मीटरला किलोग्रॅममध्ये काढतात. त्यानुसार २८ मिलिमीटरची २.२ मीटर सळई सुमारे १०.६ किलोग्रॅम भरते आणि दिसायला दांड्यासारखीच असते. परंतु सळई काँक्रीटमध्ये राहून ताण घेण्यासाठी व गरज पडल्यास न तुटता वाकण्यासाठी घडवलेली असते. बारबेलचे पोलाद भाराखाली किंचित वाकून पुन्हा सरळ होते. सळई मर्यादेपलीकडे वाकली की वाकलेलीच राहते. तिच्या अंगावरील कंगोरे कातडीत रुततात, आणि टोकांना फिरते नळकांडे नसल्याने प्लेटचे वळण थेट मनगटांवर व खांद्यांवर येते.

कॉलर : प्लेट सरकू नयेत म्हणून दोन्ही टोकांना कॉलर घट्ट लावावी. एकट्याने बेंच प्रेस करताना काही जण प्लेट सरकवून वजन उतरवता यावे म्हणून कॉलर लावत नाहीत. स्क्वॉटला ही सवलत लागू होत नाही. एका बाजूच्या प्लेट गळाल्या तर दांडा दुसऱ्या बाजूला झटक्याने फिरतो आणि पाठीला पीळ बसतो.

जागा

दहा फूट, म्हणजे सुमारे ३.०५ मीटर रुंदीच्या खोलीत २.२ मीटरचा दांडा मधोमध ठेवल्यास प्रत्येक बाजूस जेमतेम ४२ सेंटिमीटर जागा उरते. प्लेट चढवण्या-उतरवण्यास ती कशीबशी पुरते. त्याहून अरुंद खोलीत आखूड दांडा वापरावा लागतो.

जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे जुन्या घरांच्या फरश्या एकसारख्या पातळीत राहतीलच असे नाही. चौकट बसवण्यापूर्वी पाणसळने (स्पिरिट लेव्हलने) पातळी तपासावी व डगमगणाऱ्या पायाखाली चापट पट्टी द्यावी. गुळगुळीत फरशीवर घामाने पाय घसरतो, म्हणून जाड रबरी चटई अंथरावी. तळमजला सर्वांत योग्य. भारतीय मानकांनुसार राहत्या खोल्यांच्या स्लॅबची रचना दर चौरस मीटरला सुमारे २०० किलोग्रॅम भार गृहीत धरून केली जाते. चौकट, प्लेट व माणूस यांचे वजन एका कोपऱ्यात एकवटते, शिवाय पडणाऱ्या वजनाचा आघात वेगळा. म्हणून वरच्या मजल्यावर जड सराव टाळावा.

उन्हाळ्यात मराठवाड्यातील दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि पत्र्याच्या खोलीत ते अधिकच जाणवते. अशा दिवसांत पहाटेची वेळ निवडावी. वीज जाण्याची शक्यता असल्यास बॅटरीवर चालणारा दिवा लावून ठेवावा. अंधार झाल्यास आकडे चाचपडत पुढे जाऊ नये, दांडा जागच्या जागी सुरक्षा दांड्यांवर टेकवावा.

दाराला आतून कडी लावू नये. घरातील किंवा शेजारच्या एका व्यक्तीला सरावाची वेळ सांगून ठेवावी. मोबाईल फळीवर न ठेवता जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागेल असा ठेवावा. लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नये आणि प्लेट भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नयेत.

कृती

१. आकड्यांची उंची छातीच्या मध्याइतकी ठेवावी. दांडा काढताना वा ठेवताना टाचा उचलाव्या लागत असतील, तर आकडे उंच झाले असे समजावे.
२. रिकामा दांडा घेऊन पूर्ण खाली बसावे. त्या अवस्थेत दांडा जेथे येतो त्याच्या दोन ते तीन सेंटिमीटर खाली सुरक्षा दांडे बसवावेत. छिद्रे नेमकी त्या उंचीवर नसतील, तर पायांखाली पक्की व रुंद फळी घेऊन अंतर जुळवावे.
३. दांडा मानेच्या हाडावर न ठेवता त्याखालील स्नायूंवर ठेवावा. दोन्ही हातांची पकड समान अंतरावर असावी.
४. दांडा उचलल्यावर दोन-तीन लहान पावले मागे यावे. लांब मागे गेल्यास सुरक्षा दांड्यांची हद्द सुटते.
५. पाय खांद्यांइतके रुंद व बोटे थोडी बाहेर वळलेली असावीत. श्वास पोटात भरून पोट ताठ करावे व सावकाश खाली जावे. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच जावेत, आत वळू नयेत.
६. टाचा न उचलता वर यावे व वर आल्यावर श्वास सोडावा.
७. शेवटच्या आवर्तनानंतर सरळ पुढे चालत दांडा दोन्ही खांबांना टेकवावा आणि मगच आकड्यांत उतरवावा. आकड्यांकडे मान वळवून पाहू नये.

पादत्राण सपाट व कडक तळव्याचे असावे. स्लिपर किंवा धावण्याचे मऊ बूट घालून तोल राहत नाही.

प्लेट उतरवताना दोन्ही बाजूंची एकेक प्लेट आळीपाळीने काढावी. खांबांतील अंतर ८० सेंटिमीटर, दांडा २० किलोग्रॅमचा आणि प्लेट मध्यापासून ७० सेंटिमीटरवर असतील, तर एका बाजूस २५ किलोग्रॅम व दुसरीस काहीच नसताना दांडा उलटण्याच्या बेतात येतो. दांडा हलका किंवा खांब जवळ असतील, तर त्याहून कमी वजनातही तो उलटतो.

वजन न उठल्यास

उठता येत नाही हे कळल्यावर धडपड न करता पुन्हा सावकाश खाली बसून दांडा सुरक्षा दांड्यांवर टेकवावा आणि मग त्याखालून पुढे निघावे. ही क्रिया आधी रिकाम्या दांड्याने, नंतर हलक्या वजनाने अनेकदा करून पाहावी. जी सुटका सरावात कधी केलेली नाही, ती घाबरलेल्या क्षणी आठवत नाही.

चौकटीविना दांडा मागे टाकून पुढे उडी घेण्याची रीत वेटलिफ्टर वापरतात. तिला रबरी प्लेट, मोकळी जागा, आघात सोसणारी जमीन व प्रशिक्षकाकडून घेतलेला सराव लागतो. घरातील फरशीवर ती योग्य नव्हे. चौकट नसेल तर बारबेल बॅक स्क्वॉट करू नये, हाच सुज्ञ नियम होय.

वजन वाढवण्याचा क्रम

नवशिक्याने आधी बिनवजनी बैठका, नंतर रिकामा दांडा व त्यानंतर प्लेट असा क्रम ठेवावा. एका वेळी एकूण २.५ ते ५ किलोग्रॅमपेक्षा अधिक वाढ करू नये. एकट्याने सराव करताना प्रत्येक फेरी, आणखी दोन-तीन आवर्तने सहज निघतील अशा टप्प्यावर थांबवावी. एका आवर्तनाचे कमाल वजन आजमावण्याचा प्रयोग एकट्याने करू नये. अपुरी झोप, ताप, उपवास किंवा दिवसभराची शेतीकामे यांनंतर वजन कमी ठेवावे.

खबरदारी

श्वास रोखून जोर लावताना रक्तदाब क्षणिक बराच वाढतो. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, पाठीच्या मणक्यांचे विकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्याविना हा व्यायाम सुरू करू नये. सवय नसताना एकदम शेकडो बैठका काढल्यास, विशेषतः उष्ण हवामानात, स्नायूपेशी फुटून त्यांतील द्रव्ये रक्तात मिसळतात व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मांड्यांची तीव्र सूज व गडद तपकिरी लघवी ही तिची लक्षणे दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मानेला वा पाठीला मार लागल्यावर हातपाय बधिर होणे, बळ जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे ही लक्षणे गंभीर होत. अशा व्यक्तीला उठवून बसवू नये व मान हलवू नये. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

गैरसमज

खोल बैठकीने गुडघे निकामी होतात हा समज अमेरिकेतील कार्ल क्लाइन यांच्या १९६१ च्या अभ्यासानंतर विशेष पसरला. खोल स्क्वॉटमुळे गुडघ्यांचे अस्थिबंध सैल होतात असा त्यांचा निष्कर्ष होता. नंतरच्या अभ्यासांत निरोगी गुडघ्यांबाबत त्याला पुष्टी मिळाली नाही. गुडघा पायाच्या बोटांपुढे मुळीच जाऊ नये हा नियमही सरसकट खरा नाही. उंच माणसाचा गुडघा खोल बसताना स्वाभाविकपणे पुढे जातो. कमरेच्या पट्ट्याने इजा टळते असेही मानले जाते. पट्टा पोटाला दाब देण्यास मदत करतो, तो दांडा झेलत नाही.

पर्याय

चौकट घेणे शक्य नसल्यास डंबेल किंवा धान्याची लहान थैली छातीशी धरून काढलेल्या बैठका, एका पायाची बैठक आणि मागचा पाय बाकावर ठेवून केलेली बैठक हे प्रकार एकट्याने सुरक्षितपणे करता येतात. वजन हातात असल्याने थकवा आल्यास ते सरळ खाली ठेवता येते. भरतीच्या तयारीतील बहुसंख्य तरुणांना प्रारंभीचे काही महिने एवढा व्यायाम पुरेसा ठरतो.

हेही पहा

• बैठक (व्यायाम)
• पॉवरलिफ्टिंग
• मल्लखांब
• जालना जिल्हा